मुलुंड ते बोरिवली : आईच्या कुंड्यांचा माग

मुंबईचा नकाशा समोर धरलात तर मुलुंड आणि बोरिवली ही दोन उपनगरे एकमेकांच्या जवळजवळ समोरासमोर दिसतील. मध्ये आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य. बिबट्याला इकडून तिकडे जायचे झाले तर तो डोंगर ओलांडून सरळ जात असेल. माणसाला मात्र वळसा पडतो. घोडबंदरच्या रस्त्याने जावे तर वाहतुकीत जीव अडकतो. म्हणून रेल्वेने दक्षिणेला घाटकोपरपर्यंत उतरायचे, तेथून मेट्रोने अंधेरी गाठायची आणि पश्चिम रेल्वेने पुन्हा उत्तरेला बोरिवलीकडे चढायचे. गेल्या वर्षी जूनअखेरच्या एका रविवारी, पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर, ब्याऐंशी वर्षांच्या वडिलांना बरोबर घेऊन मी हा वळसा घातला. सामान म्हणजे दोन कापडी पिशव्या, भिजवलेली वर्तमानपत्रे आणि एक कात्री. आम्ही झाडे आणायला निघालो होतो. नर्सरी आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे. तरीही एवढा प्रवास का केला, हे सांगायचे तर आधी माझी एक चूक सांगायला हवी.

मी मुलुंड पूर्वेला गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवते. मुलुंड ही मुंबई महापालिकेची ईशान्येची शेवटची वेस, त्यापुढे ठाणे. पश्चिमेकडचे काटकोनात छेदणारे सरळ रस्ते १९२२ साली आखले गेले, त्यामुळे तिकडे पत्ता शोधणे सोपे. आमच्या पूर्वेला मिठागरांच्या अंगाने वस्ती वाढली ती जरा आपल्या मनाने. घरी जाऊन रुग्ण पाहणारे डॉक्टर आता कमी झाले. मी अजून जाते. आणि खरे सांगते, रुग्णाची नाडी पाहण्याआधी माझी नजर त्याच्या गॅलरीकडे जाते. गॅलरी पुष्कळ बोलते. एका एकट्या राहणाऱ्या आजींकडे मी सर्दीखोकल्यासाठी गेले होते. तुळस वाळून काटकी झालेली, बाकीच्या कुंड्यांत माती भेगाळलेली. ज्या बाईंनी चाळीस वर्षे तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेतला नव्हता, त्यांच्या घरी हे दृश्य! विचारल्यावर कळले, गॅलरीचा उंबरठा ओलांडताना त्या दोनदा पडल्या होत्या आणि मुलाला कळू नये म्हणून कुणाला बोलल्या नव्हत्या. रक्तदाब उभ्याने मोजला, तर तो भलताच खाली गेला. गोळीची मात्रा जास्त होत होती. निदान तुळशीने केले. मी फक्त गोळी कमी केली.

इतके सगळे समजणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात काय केले ते आता ऐका.

माझे माहेर बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानापासून फार दूर नव्हे अशा एका तीन मजली इमारतीत, तळमजल्यावर. वडील टपाल खात्यात, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तळमजल्याचा एकच फायदा म्हणजे खिडकीखालची चार हात जमीन, आणि आईने त्या चार हातांत काय लावले नव्हते! कढीपत्ता, गवती चहा, पानओवा, अळू, अनंत, मोगरा, अबोली. नर्सरीतून विकत आणलेले बहुधा एकही नव्हते. मोगऱ्याची फांदी घाटकोपरच्या आत्याकडची, पानओवा अंधेरीच्या शाळेतल्या मैत्रिणीकडचा, अळूचा कांदा रत्नागिरीहून कुणीतरी आणलेला. ज्याचे झाड त्याचेच नाव. ‘आत्याला पाणी घातलंस का?’ असे आमच्या घरी सहज विचारले जाई आणि पाहुणे दचकत.

सकाळी साडेसहाला बाबा झारी घेऊन बाहेर आणि आई आत पोळ्या लाटता लाटता खिडकीतून सूचना देते आहे, हे माझ्या बालपणाचे रोजचे चित्र. भाजी कोणती, कुणाची फी भरायची, कोणाच्या लग्नाला किती आहेर, हा सारा संसार त्या खिडकीच्या गजांतून ठरला. अळूवड्यांच्या दिवशी बाबा पाने खुडून देत आणि आई चिंचेच्या कोळात जराही हयगय करीत नसे. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात, हे मी पुढे महाविद्यालयात शिकले.

पाच वर्षांपूर्वी आई गेली. पाठोपाठ इमारत पुनर्विकासाला निघाली. कढीपत्त्याचे झाड जमिनीत होते, ते तिथेच राहिले. बाकीची झाडे बाबांनी कुंड्यांत घेतली आणि चौदा कुंड्या टेम्पोत घालून ते माझ्याकडे मुलुंडला आले. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत त्यांनी त्या आपल्या क्रमाने मांडल्या. सकाळी साडेसहाला पुन्हा झारीचा आवाज येऊ लागला. आता आतून सूचना देणारे कुणी नव्हते. बाबा स्वतःच दोन्ही बाजूंनी बोलत.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमध्ये त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी डेंग्यू असल्याचे निश्चित झाले. वयाकडे पाहून त्यांना दाखल केले. ताप उतरला तेव्हा शेजारी ‘सुटलो’ म्हणाले. पण डेंग्यूत जपायची वेळ तीच असते. ताप उतरतानाच्या एकदोन दिवसांत पोट दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण ग्लानी यांपैकी काहीही दिसले तर क्षणभर थांबू नये. बाबांना उलट्या सुरू झाल्या, प्लेटलेट उतरल्या, दोन रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. त्याच आठवड्यात महापालिकेचा कर्मचारी इमारतीत पाहणीला आला. त्याने बॅटरीचा झोत अनंताच्या कुंडीखालच्या ताटलीत टाकला आणि मला हाक मारली. ‘डॉक्टर, बघा.’ ताटलीतल्या बोटभर पाण्यात अळ्या वळवळत होत्या. शोभेसाठी बाटलीत ठेवलेल्या मनीप्लांटच्या पाण्यातही होत्या. ‘कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका’ असा फलक माझ्याच दवाखान्यात, माझ्याच अक्षरात, सात वर्षे लागलेला आहे.

बाबांना चावलेला डास त्याच ताटलीतून उडाला, हे सिद्ध करता येणार नाही. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास जन्मस्थळापासून सहसा फार दूर जात नाही आणि दिवसाढवळ्या चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी. बाबा रोज सकाळी अर्धी विजार घालून तिथेच उभे असत. मला पुरावा नको होता. मी घाबरले होते. रविवारी, ते रुग्णालयात असतानाच, मी चौदाच्या चौदा कुंड्या उचलायला लावल्या. कुणीतरी टेम्पोवाला आला आणि घेऊन गेला. कुठे नेल्या, मी विचारलेही नाही. गॅलरी फिनाइलने धुऊन घेतली.

बाबा घरी आले. गॅलरीच्या दारात बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘धुतलीस वाटतं गॅलरी.’ त्यानंतर या विषयावर ते एक शब्दही बोलले नाहीत.

पुढचे महिने कसे गेले ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे त्यांना सांगावे लागणार नाही. साडेसहाला उठणारे बाबा नऊ वाजेपर्यंत पांघरुणात राहू लागले. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे टिकतो, म्हणून मी वाट पाहिली. नंतर हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी १२ सारे तपासले. जानेवारीपर्यंत वजन चार किलोंनी उतरले. शेवटी त्यांना एका मनोविकारतज्ज्ञ मित्राकडे नेले. त्याने बाबांशी अर्धा तास बोलून मला बाहेर बोलावले आणि एकच प्रश्न विचारला, ‘हे सकाळी उठून काय करतात?’ मी उत्तर देऊ शकले नाही. त्याने लहान मात्रेची एक गोळी लिहून दिली. ती आम्ही नियमाने दिली. वार्धक्यातले नैराश्य हा आजार आहे आणि त्याला औषध लागते. झाडे लावून ते बरे होईल असे मी चुकूनही सुचवत नाही. पण त्याने त्या चिठ्ठीच्या खाली दुसरी ओळ लिहिली होती : ‘सकाळचे काम परत द्या.’

तेव्हा मला एक जुना प्रयोग आठवला. १९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील कनेटिकटमधल्या एका वृद्धनिवासातला त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले गेले की खोली कशी मांडायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवा. आणि एकेक रोप देऊन त्याची निगाही त्यांच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींनाही रोप दिले, पण पाणी कर्मचारी घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत, अधिक मिसळणारी आढळली. प्रयोग लहान होता, शंभराहूनही कमी माणसांचा, आणि त्यात रोपाचा वाटा किती व निवडीच्या मोकळिकीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. मला बोचली ती दुसऱ्या मजल्याची गोष्ट. मी तर बाबांना त्या मजल्यावरही ठेवले नव्हते. रोपच काढून घेतले होते.

नव्या कुंड्या आणू, असे मी म्हटले. बाबा म्हणाले, ‘विकतची झाडं काय, कुणाचीही असतात.’ मग दोन दिवसांनी, जेवता जेवता, स्वतःशीच म्हणाले, ‘तिने पण सगळ्यांना दिली होती.’

म्हणजे असे, की आईने जशी झाडे आणली तशीच ती वाटलीही होती. आत्याकडच्या मोगऱ्याचे जुने झाड एका उन्हाळ्यात जळाले, तेव्हा आईने त्याच मोगऱ्याची फांदी आत्याला परत दिली होती. बाबांनी टपालाच्या जुन्या वहीत यादी केली. तीन नावे आणि तीन उपनगरे. फांद्या लावायला पावसाची सुरुवात उत्तम, म्हणून जूनपर्यंत थांबलो.

घाटकोपरला उतरून आम्ही पंतनगरला आत्याकडे गेलो. या वसाहतीतल्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांना बाहेर लोखंडी पिंजरे असतात आणि त्या पिंजऱ्यांत उपनगरातली निम्मी बागाईत चालते. डॉक्टर म्हणून मला ते पिंजरे आवडत नाहीत. जड कुंडी खाली पडली तर कुणाचे डोके फुटेल, आग लागली तर बाहेर पडायची वाट बंद. पण दीड खोलीत राहणाऱ्या माणसाने झाड लावायचे तरी कुठे? आत्या नव्वदीला टेकलेली, दिसायला कमी, कान मात्र तल्लख. मोगऱ्याची फांदी कोणती कापायची ते तिने बोटांनी चाचपून सांगितले. ‘वहिनीने दिली तेव्हा करंगळीएवढी होती,’ असे म्हणून तिने बाबांच्या गालावर हात फिरवला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस मोठ्या बहिणीपुढे किती लहान होतो, ते पाहण्यासारखे होते. फांद्या ओल्या कागदात गुंडाळल्या. मेट्रोच्या तपासणीत कात्री अडेल म्हणून ती तिच्याचकडे ठेवून आलो.

घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. अकरा किलोमीटरच्या थोडी वर तिची लांबी. पण ती पूर्व-पश्चिम अशी आडवी धावते, हेच तिचे मोल, कारण मुंबईचे सारे जुने रूळ दक्षिणोत्तर. ती खांबांवरून जात असल्याने लोकांच्या गच्च्या आणि खिडक्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. असल्फ्याच्या टेकडीवर काही वर्षांपूर्वी स्वयंसेवकांनी रंगवलेली घरे दिसतात. बाबांना मात्र रंग दिसले नाहीत. त्यांनी बोट दाखवले ते एका पत्र्याच्या छपरावरच्या तेलाच्या डब्यांकडे. ‘भेंडी आहे ती. आणि शेजारी मिरची.’ आठ महिन्यांनी त्यांनी आपण होऊन मला काही दाखवले होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण डोळे पुसायचे होते.

अंधेरीला आईची मैत्रीण मरोळच्या बाजूच्या एका गावठाणात राहते. अंधेरी म्हटल्यावर विमानतळ आणि कार्यालयांच्या काचा आठवतात; पण त्या काचांच्या मागे ही जुनी ख्रिस्ती गावठाणे अजून तग धरून आहेत. बैठी घरे, दारापुढे क्रूस, उतरत्या छपराखाली बाकडे आणि पत्र्याच्या डब्यांत लावलेली झाडे. बाईंनी बाबांना ‘भाऊजी’ म्हणून आत घेतले. आईबरोबर त्या एकाच वर्गखोलीत, सकाळ-दुपारच्या पाळ्यांत, अकरा वर्षे शिकवत होत्या. पानओव्याचा दांडा मोडताच जो वास सुटला त्याने मी एकदम सात वर्षांची झाले. छातीत कफ, बाहेर जुलैचा पाऊस, आणि आई पानओव्याचा रस मधातून चाटवते आहे.

याला शास्त्र आहे. बहुतेक संवेदना मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या केंद्रातून वाटल्या जातात. गंधाची वाट मात्र त्याला वळसा घालून थेट भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपाशी पोहोचते. म्हणून फोटो पाहून जे आठवत नाही ते पान चुरगळल्यावर आठवते. पानओव्याच्या रसाने घशाला आराम वाटतो, तेवढेच त्याचे काम. मूल धापा टाकत असेल, छाती आत ओढत असेल तर रस नव्हे, डॉक्टर लागतो. घरच्या झाडांवर माझे प्रेम आहे, पण त्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या गोष्टींवर नाही. सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टिनसारखी कर्करोगावरची औषधे निघतात हे खरे; म्हणून तिची पाने चावून खाणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांचे हाल निस्तरले आहेत. कण्हेर हृदयाला घातक आहे. डिफेनबेकियाचे देखणे चट्टेरी पान रांगत्या बाळाने चावले तर जीभ आणि घसा सुजतो. नातवंडे येणार असतील तर या कुंड्या उंच ठेवा, किंवा ठेवूच नका.

बाईंनी पानओव्याबरोबर गवती चह्याचा एक गड्डाही काढून दिला. ‘हा पण तिचाच,’ त्या म्हणाल्या. बाबांच्या यादीत तो नव्हता. आईने बाबांना न सांगता दिलेल्या वस्तूंपैकी ही एक, आणि बाबांना त्याचा फारच आनंद झालेला दिसला.

बोरिवलीला पोहोचेपर्यंत दुपार झाली. आमच्या इमारतीच्या जागी आता बावीस मजल्यांचा टॉवर आहे. तळमजल्यावर वाहनतळ. खिडकीखालची ती चार हात जमीन नेमकी कुठे असेल, याचा अंदाज बाबा पावले मोजून घेऊ लागले. ‘इथे कढीपत्ता,’ म्हणून ते एका पांढऱ्या मोटारीपाशी थांबले. रखवालदाराने संशयाने पाहिले. मी काही बोलले नाही. पुनर्विकासाने शेजाऱ्यांना पक्की, गळती नसलेली घरे दिली आहेत, त्यात जुन्याचे कौतुक करून मी कुणाला दोष देणार नाही. तरी त्या मोटारीच्या चाकापाशी उभे राहताना पाय जड झाले.

शेजारच्या काकू आता सतराव्या मजल्यावर. त्यांच्या गॅलरीतून राष्ट्रीय उद्यानाची टेकडी पुस्तक उघडावे तशी दिसते. याच जंगलात आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी २०१६ साली बहरली होती, तेव्हा आई गुडघे दुखत असूनही आम्हाला घेऊन गेली होती. त्या टेकडीच्या पलीकडे माझे मुलुंड. काकू म्हणाल्या, ‘तुम्ही तिकडून हात केलात तर मला दिसेल की!’

त्यांच्याकडे आम्हाला हवे होते ते ब्रह्मकमळ. एक खुलासा करते : आपल्या कुंड्यांतले ब्रह्मकमळ हे हिमालयातले खरे ब्रह्मकमळ नव्हे. हे मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, निवडुंगाच्या कुळातले. ज्याला आपण पान म्हणतो तेही पान नसून चपटे झालेले खोड आहे. हे आईला मी एकदा सांगितले होते. ती म्हणाली, ‘बरं झालं, मेक्सिकोहून आपल्याकडे यायला त्याला वेळ मिळाला.’ पावसाळ्यात कळी लोंबू लागली की ती दिवस मोजत असे. फुलायच्या रात्री सगळ्या इमारतीला निरोप जाई. रात्री दहाला फूल हलू लागे, बाराला पूर्ण उमले. शेजारीपाजारी आमच्या खिडकीखाली, हातात चहा, मुले झोपेने पेंगुळलेली, कुणीतरी हात जोडलेले. सकाळी फूल मान टाकून. त्या एका रात्रीसाठी भांडलेले शेजारीही येत. काकूंनी सांगितले, टॉवरमध्येही त्या बोलावतात. पूर्वीइतके लोक येत नाहीत, उद्वाहनातून खाली-वर करायचे म्हणून कुणी फोनवर फोटोच मागतात. काकूंनी विळीवर तीन लांब खोडे कापून दिली. कापल्यावर दोनतीन दिवस सावलीत सुकवून मग लावायची, नाहीतर कुजतात, हे बाबांनी त्यांना सांगितले आणि त्यांनी बाबांना सांगितले, दोघांनी एकाच वेळी.

परतताना मी टॅक्सी केली. बाबा मांडीवर पिशव्या घेऊन घोडबंदरभर जागे होते.

आता आमच्या गॅलरीत नऊ कुंड्या आहेत. पाच मी मुद्दामच वाढू दिल्या नाहीत. सगळ्या हलक्या. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’मधून पालापाचोळ्यावरच्या शेतीचा जो विचार दिला, त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर भाज्या आणि फळझाडे वाढवली. तो धागा धरून आम्ही उसाची चिपाडे, वाळली पाने आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा वापरतो. रसवंतीवाला चिपाडे आनंदाने देतो. माती थोडीच, त्यामुळे कुंडी उचलताना कंबर धरत नाही. बाबा हातमोजे घालतात. ते मधुमेही नाहीत, पण असते तर मी एक काटाही टोचू दिला नसता, आणि धनुर्वाताची लस तर त्यांनी घेतलीच आहे. खाली वाकून कामे करण्याऐवजी कुंड्या गुडघ्याच्या उंचीच्या बाकावर घेतल्या, शेजारी खुर्ची ठेवली. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने उकिडवे बसून झटकन उठणे म्हणजे चक्कर ठरलेली. सकाळी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ विजार. याविषयी आमचा रोज वाद होतो.

ताटल्या ठेवल्याच नाहीत म्हटले तर खालच्या मजल्यावर पाणी टपकते आणि तक्रार येते. तेव्हा ताटल्या आहेत. दर रविवारी सकाळी त्या सगळ्या काढून, पाणी ओतून, नारळाच्या काथ्याने घासायच्या आणि उन्हात पालथ्या घालायच्या. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी ताटलीच्या काठाला चिकटून राहतात, कोरडी असली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पुरतो, पण तो एकही चुकवून चालत नाही. तुमच्या घरी हे काम कुणाकडे आहे ते आज पाहा. कुणाकडेच नसेल तर घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाकडे द्या आणि मध्ये मध्ये करू नका. आमच्याकडे ते बाबांकडे आहे. मी एकदा मदतीला गेले तर म्हणाले, ‘तुझा दवाखाना आहे, तो बघ.’

वजनापैकी अडीच किलो परत आले. गोळी मित्राच्या सल्ल्याने हळूहळू बंद झाली. गोळीने किती आणि कुंडीने किती, हे मला वेगळे काढता येणार नाही. मोगऱ्याच्या तीन फांद्यांपैकी एक जगली. पानओवा माजला आहे. ब्रह्मकमळाला नवी खोडे फुटली आहेत, पण फूल यायला अजून एखादा पावसाळा जावा लागेल असे काकूंचे म्हणणे.

महापालिकेचा तोच कर्मचारी या पावसाळ्यात पुन्हा आला. बाबांनी त्याला नऊच्या नऊ ताटल्या उचलून दाखवल्या आणि वर फ्रिजच्या मागची पाण्याची खोबणही तपासायला लावली, जी मी विसरले होते. तो गेल्यावर त्यांनी टपालाची वही काढली. ब्रह्मकमळ फुलेल त्या रात्री कुणाकुणाला फोन करायचा, याची यादी त्यांनी आतापासून केली आहे. आत्या, मरोळच्या बाई, काकू, खालच्या मजल्यावरचे ज्यांच्याकडे पाणी टपकते ते. सगळ्यात शेवटी त्या कर्मचाऱ्याचे नाव आहे, आणि पुढे कंसात लिहिले आहे : बॅटरी घेऊन येणे.